विकलेल्या स्कूटरचे चलान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो आणि पोटासाठी घाटकोपरच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यावर लाल शाईने खुणा करायच्या, हाच धंदा. त्यामुळे आपल्या हातून सहसा चूक होत नाही, असा एक समज मनात बरीच वर्षे घर करून होता. रस्त्यावरही तोच. तीस वर्षे दुचाकी चालवतो आहे, पण पोलिसाने शिट्टी मारून बाजूला घेतले, असे एकदाही झाले नाही. हे मी लोकांना अभिमानाने सांगतही असे. 2023 च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या मुलीने पंधरा मिनिटांत हा अभिमान उतरवला.

ती मुलुंडच्या एका शाळेत शिकवते. नवी स्कूटर घेतल्यावर शाळेतल्या कुणी बाईंनी तिला सांगितले, की महिन्यातून एकदा ॲपवर बघत जा, आपल्या गाडीवर चलान फाटले असले तरी आपल्याला पत्ता नसतो. म्हणून एका रविवारी दुपारी ती फोन घेऊन बसली. तिची गाडी कोरी निघाली. मग म्हणाली, ‘अब्बा, तुमची बघू?’ मी म्हटले, बघ की, काय सापडणार आहे!

एक चलान सापडले. स्टॉप लाइन ओलांडल्याचे, दंड पाचशे रुपये. मी लगेच यंत्राला दोष दिला. एखाद्या आकड्याची चूक झाली असेल, दुसऱ्याची गाडी असेल. ती काही बोलली नाही, चलानावर बोट ठेवून फोटो उघडला. लाल बहादूर शास्त्री मार्गावरचा सिग्नल, रोजचाच. पुढचे चाक पट्टीच्या चांगले हातभर पुढे. चालकाचे तोंड दिसत नव्हते, तो पलीकडे कुठेतरी बघत होता. पण हेल्मेटच्या मागे लावलेली लाल चमकती पट्टी दिसत होती, आणि ती मीच लावलेली. पाचशे रुपये मुकाट्याने भरले.

गोष्ट इथे संपली असती तर हे भाषण मी दिलेच नसते. पण मुलीला चेव आला होता. ‘ती जुनी निळी स्कूटर आठवते का अब्बा? तिचं बघू या गंमत म्हणून.’ ती स्कूटर मी 2008 मध्ये घेतली आणि 2018 मध्ये विकून टाकली होती. तिच्या आरसी बुकाची झेरॉक्स मात्र फायलीत होती. मुलीने क्रमांक टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘चौदा आहेत.’

चौदा चलाने, साडेनऊ हजारांच्या आसपास दंड, आणि सगळे माझ्या नावावर. मुलुंड चेकनाका, पवई, विक्रोळी, पुन्हा मुलुंड. विनाहेल्मेट, सिग्नल तोडला, तिघे बसले, पुन्हा विनाहेल्मेट. त्यातल्या एका तारखेला तर मी सांगलीला एका कविसंमेलनात होतो. फोटो उघडला तर स्कूटर तीच. उजव्या बाजूला ईदच्या दिवशी आमच्याच गल्लीत हातगाडीला घासून पडलेला ओरखडासुद्धा तसाच. वर विशीतला एक मुलगा, डोक्यावर काही नाही, आणि मागे एक बाई, मांडीवर मोठा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून बसलेली. मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिलो. राग यायला हवा होता, तो नंतर आला. आधी मनात आले, की हा मुलगा पडला असता तर? आणि ती बाई?

आता थोडे मागे जाऊन ही यंत्रणा काय आहे ते सांगतो, म्हणजे हा घोळ कसा झाला ते ध्यानात येईल.

पूर्वीचा कारभार समोरासमोरचा होता. हवालदार गाडी अडवायचा, लायसन्स मागायचा, हुज्जत व्हायची, पावती फाटायची. कधी पावतीशिवायही भागायचे, ते कसे हे मुंबईकराला सांगायला नको. चांगले असो वा वाईट, आपल्याला दंड झाला हे त्या क्षणी कळत असे. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेरे बसवायचे ठरले आणि ऑक्टोबर 2016 मध्ये मुंबईचे सुमारे पावणेपाच हजार कॅमेऱ्यांचे जाळे सुरू झाले. त्याच सुमारास वाहतूक पोलिसांचे ई-चलान आले आणि ‘एमटीपी’ नावाचे ॲपही. पुढे 2019 मध्ये साऱ्या राज्यासाठी ई-चलानाची एकच यंत्रणा झाली. म्हणजे अंधेरीच्या गाडीने कोल्हापुरात सिग्नल तोडला तरी नोंद एकाच वहीत. या वहीचे ॲप म्हणजे ‘महाट्रॅफिक’, आणि संकेतस्थळ म्हणजे महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन.

चलान दोन वाटांनी होते. एक, रस्त्यावरचा पोलीस हातातल्या यंत्राने फोटो काढतो. दुसरी, खांबावरचा कॅमेरा टिपतो आणि नियंत्रण कक्षात बसलेला माणूस ते बघून चलान करतो. दोन्हीकडे हाती लागतो तो फक्त पाटीवरचा क्रमांक. त्यावरून परिवहन खात्याच्या नोंदीत मालकाचे नाव आणि मोबाईल शोधायचा आणि त्या मोबाईलवर संदेश धाडायचा. गाडी कोण चालवत होता हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने नोंदीत ज्याचे नाव, तोच गुन्हेगार.

माझे दोन घोटाळे इथेच झाले होते. पहिला मोबाईलचा. 2008 मध्ये गाडी घेताना सगळे कागद एजंटाने भरले. नोंदीत नंबर कुणाचा गेला, हे मी कधी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. चौदाच्या चौदा संदेश कुण्या परक्याच्या फोनवर जात राहिले असणार. माझ्या आत्ताच्या गाडीचीही तीच गत निघाली, म्हणून स्टॉप लाइनचे ते चलानही मला कळले नव्हते. असे असणारा मी एकटाच नव्हे. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लावायची सक्ती झाली, तेव्हा आमच्या इमारतीतल्या दोघांना त्या निमित्ताने कळले, की नोंदीतला मोबाईल आपला नाहीच. तुम्हीही एकदा तपासा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मोबाईल क्रमांक बदलून घेता येतो. आरसी बुक हाताशी ठेवा, कारण चासी क्रमांक विचारतात.

दुसरा घोटाळा मोठा. गाडी मी विकली ती एका गॅरेजवाल्यामार्फत. दोन फॉर्मांवर सह्या केल्या, गिऱ्हाइकाचे नाव घालायची जागा कोरी होती. ‘तुम्ही काळजी करू नका शेख साहेब, नाव आम्ही चढवून घेतो,’ एवढे ऐकले, पैसे मोजले आणि किल्ली दिली. मुद्रितशोधकाने कोऱ्या जागेखाली सही करावी, याहून मोठी शरम ती कुठली!

ते दोन कागद म्हणजे फॉर्म 29 आणि फॉर्म 30. मोटार वाहन कायद्याचे कलम 50 सांगते, की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नाव चढवून घ्यायचे. आपल्याकडे समज असा, की नाव चढवणे ही घेणाऱ्याची गरज, आपले काम पैसे मिळाल्यावर संपले. तसे नाही. निम्मे काम कायद्याने आपल्यावर टाकलेले आहे.

आणि प्रश्न नुसत्या दंडाचा नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. 2007 मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे विकली जात राहिली, नोंदीत नाव मात्र पहिल्याचेच. 2009 मध्ये तिचा अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, की कायद्याने मालक म्हणजे नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तो, भरपाईची जबाबदारी त्याची. मला हा निकाल एका वकील मित्राने समजावला तेव्हा डब्याच्या त्या फोटोची पुन्हा आठवण झाली. पाच वर्षे मी रात्री निवांत झोपत होतो आणि माझ्या नावावर एक मुलगा हेल्मेटशिवाय मुलुंड ते पवई फिरत होता.

तर करायचे काय? गाडी विकताना घेणाऱ्याचे नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करायची नाही. त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, मोबाईल, आणि एका कागदावर गाडी ताब्यात दिल्याची तारीख, तीही वेळेसकट. सकाळी अकराला गाडी दिली आणि दुपारी दोनला तिने सिग्नल तोडला, तर त्या तीन तासांना महत्त्व येते. मग आपली सूचना आपणच कार्यालयात द्यायची आणि पोच ठेवायची. महिन्या-दीड महिन्याने नाव बदलले का तेही बघायचे.

माझ्या बाबतीत हे सगळे उलट्या क्रमाने झाले. गॅरेज बंद पडून तिथे मोबाईलचे दुकान आले होते. गॅरेजवाला शोधला तो विक्रोळीत, त्याच्याकडून घेणारा, घेणाऱ्याकडून पुढचा घेणारा. तीन रविवार गेले. शेवटचा मालक म्हणजे फोटोतला मुलगाच. आई घरगुती जेवणाचे डबे करते, हा पोचवतो. मला बघून घाबरला. मी फोनवर फोटो दाखवले, एकेक. त्याला यातले एकही चलान ठाऊक नव्हते. कसे असणार? संदेश त्याला जात नव्हते आणि मलाही येत नव्हते. सरकारदरबारी चौदा वेळा शिक्षा झाली होती आणि ज्याला व्हायची त्याच्या कानावर एकदाही गेली नव्हती. मला यंत्रणेबद्दल खरी तक्रार आहे ती ही. पहिल्या चलानाला कुणी हटकले असते, तर त्याची आई तरी त्याला हेल्मेटशिवाय बाहेर पडू देती ना. पाटी वाचणारा कॅमेरा दंड वसूल करील, पण शिट्टीचे काम त्याला जमत नाही.

नाव चढवायला गेलो तर खिडकीवर सांगितले, आधी दंड मोकळे करा. मुलाने चार हप्त्यांत पैसे आणून दिले. दोन चलाने त्याच्या आधीच्या मालकाच्या काळातली होती, ती मीच भरली. कोऱ्या सहीची किंमत समजून.

तुम्ही म्हणाल, केलेले नसताना भरायचे कशाला? बरोबर आहे, आणि प्रत्येक वेळी भरू नयेच. जानेवारी 2021 मधला मुंबईचाच प्रकार बघा. रतन टाटांच्या गाडीच्या क्रमांकावर चलाने येऊ लागली. त्यांच्याकडून कळवले गेले, की आमची गाडी त्या जागी गेलेलीच नाही. पोलिसांनी कॅमेऱ्यांवरून माग काढला, तर दुसऱ्याच एका गाडीवर तोच क्रमांक लावलेला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे अंकज्योतिषाच्या नादाने तो क्रमांक लावला होता आणि तो कुणाचा आहे याची लावणाऱ्यांना कल्पनाही नव्हती. माटुंगा पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. टाटांच्या पाटीची नक्कल होऊ शकते तर तुमच्या-माझ्या पाटीची का नाही? त्यांच्याकडे चलाने बघायला माणसे असतील. आपल्याला आपणच बघायचे.

म्हणून चलान दिसले की रकमेकडे नंतर बघा, आधी फोटो उघडा. गाडीचा रंग, बनावट आपलीच आहे का? पाटीवरचा आकडा 3 आहे की 8? जागा आणि वेळ जुळते का? फोटोत गुन्हा दिसतो का, की नुसती उभी गाडी दिसते? केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये 167-अ हा नियम आला. यंत्राने पकडलेल्या गुन्ह्याच्या चलानासोबत गुन्हा आणि पाटी स्पष्ट दिसणारा फोटो हवा, तारीख, वेळ, ठिकाण हवे, कायद्याचे कोणते कलम मोडले ते हवे आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत सूचना धाडली पाहिजे, असे तो सांगतो. चलान निकालात निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा हेही त्यातच आहे. फोटो आपल्याला दाखवतात ती मेहरबानी नव्हे.

यातले काही चुकले असेल तर ॲपवर आणि संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. चलान क्रमांक आणि आपल्या गाडीचा फोटो जोडून लिहायचे. लवकर बघण्याचा फायदा इथे होतो. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी कुठे होतो ते मला सांगता येईल, आणि त्याचा एखादा कागदही दाखवता येईल. चार वर्षांपूर्वीच्या मंगळवारचे कसे सांगणार? सांगलीचे निमंत्रणपत्र माझ्याकडे राहिले ते केवळ त्यात माझे नाव चुकीचे छापले होते म्हणून.

थकलेल्या चलानांसाठी लोकअदालतीची नोटीस येते. तिथे जाऊन मोकळे होणे सोयीचे असते, पण ती तडजोडीची जागा आहे. ‘मी हे केलेलेच नाही’ असे म्हणायचे असेल तर रीतसर न्यायालयापुढे म्हणायचे. दुसऱ्या कुणी गाडी चालवली असेल तर त्याचे नाव-पत्ता पोलिसांनी मागितल्यावर देणे हेही मालकाचे कर्तव्य आहे, कलम 133 प्रमाणे. गाडी मित्राला देताना हे आठवावे.

गाडीवर पोट असणाऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. टेम्पोवाला दुकानासमोर माल उतरवतो, उतरवायला दुसरी जागा नसते, आणि चलान मात्र रोजचे. जुलै 2025 मध्ये मालवाहतूकदारांनी राज्यात संप केला, त्यात ई-चलान हीच मुख्य तक्रार होती. त्याच महिन्यात वाहतूक विभागाने परिपत्रक काढून अधिकाऱ्यांना बजावले, की खासगी मोबाईलवर फोटो काढून मागाहून चलान टाकू नका. म्हणजे तक्रारीत अगदीच तथ्य नव्हते असे नाही.

आता बघायचे कसे, ते थोडक्यात. संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घातले की यादी येते. ॲपमध्ये आधी आपला मोबाईल नोंदवावा लागतो, मग गाडी जोडायची. फोटो बघा, पटले तर तिथेच भरा आणि पावती जपून ठेवा. मला जमते म्हणजे कुणालाही जमेल. मात्र ॲप फोनमधल्या अधिकृत दुकानातूनच घ्या. माझे एक निवृत्त शिक्षक मित्र बोरिवलीला राहतात. त्यांना व्हॉट्सॲपवर चलानाचा संदेश आला, गाडीचा क्रमांक अगदी बरोबर, खाली एपीके नावाची फाइल. कायद्याला मानणारे गृहस्थ, लगेच उघडली. दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या खात्यात चहापुरते पैसे उरले होते. ही लबाडी गेली काही वर्षे देशभर चालू आहे. चलान बघायला फाइल उतरवावी लागत नाही. संदेश आला तर त्यातल्या दुव्याला हात न लावता स्वतः संकेतस्थळावर जा, आणि पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते अक्षर अक्षर वाचा. बनावट पत्त्यांत एखादेच अक्षर इकडचे तिकडे असते. माझ्या धंद्यातले लोक हे चटकन पकडतील, इतरांनी चश्मा लावून बघावे.

निळ्या स्कूटरवर आता त्या मुलाचे नाव आहे आणि नोंदीत त्याचाच मोबाईल. जून 2022 पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती सुरू झाली आहे, म्हणून त्याने दोन हेल्मेटे घेतली. दुसरे आईला मोठे होते, तर ती खाली रुमाल बांधून घालते.

मी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा घेता घेता घरातल्या दोन्ही गाड्या बघतो. माझी कोरी आहे. मुलीच्या गाडीवर या वेळी एक चलान दिसते आहे. फोटो मी अजून उघडलेला नाही. ती बाजारात गेली आहे, आली की तिच्यासमोरच उघडीन.